अख्खं अंडं

नाशिकच्या पंचवटीतून पेठ रोडला लागायचं, रामशेज किल्ला मागे टाकायचा आणि सावळघाट ओलांडायचा. पुढे पेठ तालुक्यातले पाडे सुरू होतात. त्यातल्याच एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविका आहे. पटावर चौतीस मुलं. आठवड्यातले चार दिवस आमच्याकडे अंड्याचे असतात. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी भारतरत्न डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना 2015 साली सुरू झाली. पुढच्या वर्षी तिच्यात सात महिने ते सहा वर्षं वयाची मुलंही आली. मुलाला एक उकडलेलं अंडं, अंडं न खाणाऱ्याला केळी. कागदावर हे एका ओळीत मावतं. पण पातेलं आणि ताटली यांच्या मध्ये टरफल असतं. ते नीट निघालं नाही, तर लेकराच्या वाट्याचा घास टरफलाला चिकटून उकिरड्यावर जातो. थंडीतल्या एका बुधवारची, अंड्याच्या दिवसाची ही नोंद.

पहाटे 5:30

अंगणात धुकं आहे. चूल पेटवली, पाणी तापायला ठेवलं आणि खुराड्याचं दार काढलं. कोंबड्या बाहेर पडल्या की मी टोपलीत हात घालते. आज दोन अंडी मिळाली. एक अजून कोमट होतं. दोन्ही घरी अंड्याच्या पोळीला लागतील. ती आज उकडायची नाहीत.

हे शहाणपण मला पहिल्या वर्षी आलं. लेकरांना ताज्यातलं ताजं द्यावं म्हणून मी पाड्यावरच्या घराघरांतून आदल्या संध्याकाळची आणि त्याच सकाळची गावठी अंडी गोळा केली होती. उकडली आणि मदतनीस मावशींबरोबर सोलायला बसले. टरफलाचा तुकडा उचलला की त्याच्याबरोबर पांढऱ्याचा लचका निघायचा. अठ्ठावीस अंड्यांना आम्हा दोघींना तास लागला, आणि निम्मी अंडी उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती. चार वर्षांच्या एका मुलीनं ताटली माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "बाई, माझं कुणी खाल्लं?" तिला बदलून द्यायला माझ्याजवळ दुसरं अंडं नव्हतं.

कारण पुढे समजलं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा सामू साडेसात-आठच्या आसपास राहतो. असं पांढरं उकडलं की टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं. टरफलाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून हा वायू दिवसागणिक बाहेर जातो, सामू नवाच्या पुढे चढतो आणि ती पकड सैल होते. त्याच छिद्रांतून थोडा ओलावाही उडतो. अंडं आतून किंचित आक्रसतं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. सोलणाऱ्याच्या बोटाला पहिली वाट मिळते ती याच पोकळीतून.

म्हणून आमच्या घरात आता सरळ नियम आहे. आजचं अंडं तव्यावर, मागच्या आठवड्याचं पातेल्यात.

सकाळी 8:30

मी पोचते तेव्हा मावशींनी खोली झाडून घेतलेली असते. माठ विसळून ताजं पाणी भरलेलं असतं. अंड्याच्या दिवशी माठ काठोकाठ भरायचा, कारण आमच्याकडे फ्रीज नाही आणि बर्फही नाही. गार करण्याचं सगळं काम हा माठच करतो.

कोपऱ्यात, उन्हापासून लांब, अंड्यांचे ट्रे असतात. एका ट्रेमध्ये तीस अंडी. प्रत्येक ट्रेच्या कडेला मी पेन्सिलनं आणल्याची तारीख लिहून ठेवते. आज मागच्या गुरुवारचे ट्रे काढायचे, म्हणजे सहा दिवस झाले. थंडीत सहा-सात दिवस हा बरोबर काळ. एप्रिल-मे महिन्यांत अंडं लवकर जुनं होतं, तेव्हा तीन-चार दिवस पुरतात आणि जास्त साठवायचं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीसुद्धा ओल धरतात. ट्रे ओले झाले तर अंड्यांवर बुरशी येते, म्हणून ते फळीवर सुटे सुटे ठेवावे लागतात. टोकदार बाजू खाली, बोथट बाजू वर. अशानं पोकळी आपल्या जागी राहते आणि बलक मधोमध राहतो.

साठवताना अंडी धुवायची नाहीत. टरफलावर एक नैसर्गिक थर असतो, धुतल्यावर तो जातो आणि छिद्रं उघडी पडतात. काही चिकटलेलं असेल तर कोरड्या फडक्यानं पुसायचं. धुवायची ती उकडायच्या आधी.

आज शाकाहारी मुलं तीन, तिघंही माळकरी घरातली. त्यांची केळी वेगळ्या टोपलीत, झाकून. अंड्याचा हात केळीला लागू द्यायचा नाही हे मावशींचं बंधन आहे, आणि त्या ते मनापासून पाळतात. त्या मुलांच्या आया आमच्यावर विश्वासानं मुलं सोडतात.

सकाळी 9:30

मुलं येऊ लागली. मावशी वरच्या आळीतून पाच जणांना हाताला धरून घेऊन आल्या. प्रार्थना झाली, हजेरी झाली. अठ्ठावीस मुलं हजर. सहा जण दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर दिंडोरीकडे गेले आहेत, द्राक्षबागांच्या कामाला. दरवर्षी या दिवसांत माझ्या पटावरची काही नावं अशी रिकामी राहतात.

अठ्ठावीसमधून केळीवाले तीन वजा, म्हणजे पंचवीस अंडी. अमृत आहाराच्या जेवणाला येणाऱ्या गरोदर आणि स्तनदा माता सहा. एकूण एकतीस. हजेरीनंतर आकडा ठरतो, त्याआधी एकही अंडं पाण्यात जात नाही. उकडलेलं उरलं तर त्याचं काय करायचं हा प्रश्न आमच्यासारख्या बिनफ्रीजच्या खोलीत मोठा असतो. उकडलेलं अंडं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवून मुलांना देऊ नये.

मुलं चित्रांच्या कार्डांभोवती बसली. मावशींनी बादलीत पाणी घेतलं आणि एकतीस अंडी एकेक करून सोडली. ही आमची परीक्षा. तळाशी आडवं पडलं ते अजून ताजं. तळाशीच राहून बोथट टोक वर उचललं ते उकडायला चांगलं. पाण्यावर तरंगलं ते बाद, त्याच्यावर चर्चा नाही. आज तरंगणारं कुठलं नव्हतं. दोन आडवी पडली, ती पुन्हा पुसून ट्रेमध्ये गेली आणि तीच उद्या आधी वापरायची अशी खूण केली. त्यांच्या जागी दुसरी दोन घेतली.

सकाळी 10:00

गॅसवर मोठं पातेलं चढवलं. नुसतं पाणी आधी खळखळून उकळू द्यायचं, अंडी मागून. पूर्वी मी गार पाण्यात अंडी घालून पातेलं चढवायची, आईनं तसंच शिकवलं होतं. त्यात पाण्याबरोबर अंडं हळूहळू तापतं आणि पांढऱ्याला पापुद्र्याशी चिकटायला भरपूर वेळ मिळतो. उकळत्या पाण्यात पडलेल्या अंड्याचा बाहेरचा थर एकदम घट्ट होतो, पापुद्र्यावर पसरायला त्याला सवड मिळत नाही. सोलायला सोपं व्हायला जुन्या अंड्याखालोखाल याच एका गोष्टीचा हात आहे.

एकतीस अंडी एकेक करून सोडली तर पहिलं आणि शेवटचं यांच्यात तीन-चार मिनिटांचं अंतर पडतं. म्हणून मावशींनी धुतलेल्या सुती धोतराच्या फडक्याची झोळी केली आहे. दोन झोळ्यांत अंडी, दोघींनी दोन बाजूंनी धरून अलगद सोडायच्या. फडक्याची टोकं पातेल्याच्या कडांना बांधायची, ज्योतीकडे लोंबू द्यायची नाहीत. वेळ झाली की तीच टोकं धरून सगळी अंडी एका दमात बाहेर. नाशिक जिल्हा कांद्याचा, जाळीच्या लाल पिशव्या घरोघरी पडलेल्या असतात. कुणी त्यांत अंडी घालून उकडतात. ते करू नका. प्लास्टिक उकळत्या पाण्यात मुलांच्या अन्नाबरोबर नको.

अंडी पडली की उकळी क्षणभर थांबते. परत आली की गॅस मध्यम करायचा. जोरात उकळणाऱ्या पाण्यात अंडी एकमेकांवर आपटून तडकतात. पाण्यात चमचाभर मीठ टाकतो. मिठानं टरफल सुटतं असं बरेच जण सांगतात, मला तसं दिसलेलं नाही. मिठाचा खरा उपयोग वेगळा आहे. एखादं तडकलं तर बाहेर येणारं पांढरं मिठाच्या पाण्यात लवकर गोठतं आणि चीर बुजते. काही जण खायचा सोडा टाकतात. त्यानं सामू वाढतो हे खरं, पण अंड्याला वास येतो, आणि मुलांनी एकदा नाक मुरडलं की पुढचे चार दिवस हात लावत नाहीत. अंडं जुनं घेतलं तर सोड्याची गरज पडत नाही.

झाकण ठेवलं आणि घड्याळ पाहिलं. नाशिकचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण 580 मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. मुलांसाठी बलक पूर्ण शिजलेला हवा. उकळी परत आल्यापासून बारा मिनिटं. अंदाजानं नाही, घड्याळानं.

सकाळी 10:30

बारा मिनिटं संपली. मावशी आणि मी टोकं सोडून झोळ्या उचलल्या, पाणी निथळू दिलं आणि अंडी माठातल्या पाण्यानं भरलेल्या घमेल्यात ओतली. थंडीत माठाचं पाणी दात शिवशिवतील इतकं गार असतं. उन्हाळ्यातही ते नळाच्या पाण्यापेक्षा खूप बरं. एकतीस गरम अंड्यांनी पाच मिनिटांत पाणी कोमट झालं. ते ओतून पुन्हा माठाचं पाणी घातलं. अशी दोन पाणी लागतातच. लोक एकदा गार पाणी घालतात आणि अंडी त्यातच सोडून देतात. कोमट पाण्यात पडून राहिलेलं अंडं गार होत नाही.

गार केल्यानं दोन कामं होतात. आतलं पांढरं आकसतं आणि टरफलापासून थोडं सुटं होतं. दुसरं म्हणजे शिजणं थांबतं. फार वेळ शिजलेल्या किंवा तशाच गरम राहिलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-करडं कडं दिसतं. पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते तयार होतं. खायला त्यात अपाय नाही, पण एका आजीनं ते पाहून नातवाचं अंडं काढून घेतलं होतं, विषारी आहे म्हणून. तेव्हापासून मी गार पाण्यात कसूर करत नाही.

एप्रिलनंतर आमच्याकडे चित्र बदलतं. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत पावसाळ्यात पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. तेव्हा पातेलंभर पाणी अंड्यांसाठी ओतणं मनाला पटत नाही. मग आम्ही अंडी वाफवतो. पातेल्यात दोन तांबे पाणी, वर चाळण, चाळणीत अंडी, झाकण आणि तेरा मिनिटं. वाफ लगेच तापवते, म्हणून अंडी उकळत्या पाण्यातल्याइतकीच छान सुटतात. शहरात ज्यांच्याकडे इडलीपात्र आहे, त्यांना याहून सोपी रीत नाही. गार करायला वापरलेलं पाणी परसबागेतल्या शेवग्याला जातं.

सकाळी 10:50

साबणानं हात धुतले, नखं पाहिली आणि सतरंजीच्या कडेला बसलो. दोन पितळ्या पाणी, मधे टरफलांसाठी सूप.

मावशींचे हात बघत राहावेत असे आहेत. त्या अंडं उचलतात आणि बोथट टोक पितळीच्या काठावर हलकं टेकवतात. 'टक' असा पोकळ आवाज येतो. त्या आवाजावरून त्यांना पोकळी सापडते. मग अंडं लाकडी पाटावर ठेवून तळव्याखाली हलक्या हातानं एकदा पुढे, एकदा मागे लाटतात. टरफलावर जाळं पडतं, पण एकही तुकडा आत रुतत नाही. पुन्हा बोथट टोकाकडे येऊन अंगठ्याच्या पेरानं तिथला तुकडा उचलतात. नख लावत नाहीत. आता लक्ष टरफलाकडे नसतं, त्याखालच्या पांढऱ्या पापुद्र्याकडे असतं. पापुद्रा चिमटीत आला की अंडं पाण्यात बुडवायचं. पाणी फटीतून आत शिरतं आणि पापुद्रा पांढऱ्यावरून सुटत जातो. सगळं जाळं पापुद्र्याला धरून असतं, म्हणून टरफल एका लांब पट्टीसारखं गोल फिरत उतरतं. अंडं ओलं, चकचकीत, खळगा नसलेलं बाहेर येतं. एका अंड्याला पंधरा-वीस सेकंद.

नवीन माणसाची चूक इथेच होते. तो टरफलाचे तुकडे वेचतो आणि पापुद्रा तसाच राहतो. मग तुकड्यागणिक नख लागतं आणि पांढरं फाटतं. पापुद्रा धरा, टरफल आपोआप येतं.

एखादं हट्टी निघतंच. त्याला पाण्यात पाच मिनिटं पडू द्यायचं, नंतर चहाचा चमचा ओला करून त्याची पाठ टरफलाकडे आणि खोलगट बाजू अंड्याकडे ठेवून बोथट टोकाकडून आत सरकवायचा आणि अंडं फिरवायचं. आज दोन अंड्यांना चमचा लागला.

पाड्यावरच्या पोरांनी मला मोबाइलवर दोन युक्त्या दाखवल्या आहेत. एक, डब्यात थोडं पाणी आणि अंडी घालून डबा हलवायचा. घरी दोन अंड्यांना ते जमतं, पण टरफलाचा चुरा होतो आणि बारीक कण पांढऱ्याला चिकटतात. तीन वर्षांच्या मुलाच्या घशात असा कण नको. दुसरी, दोन्ही टोकं फोडून तोंडानं फुंकर मारून अंडं बाहेर काढायचं. ही कुणीच करू नये. दुसऱ्याच्या ताटातल्या अन्नावर आपली फुंकर कशाला?

सोललेलं प्रत्येक अंडं स्वच्छ पाण्यातून काढायचं आणि त्यावरून बोट फिरवायचं. डोळ्याला न दिसणारी कच बोटाला लागते. मग झाकणाच्या डब्यात. एकतीस अंडी दोघींनी मिळून वीस मिनिटांच्या आत संपवली. पहिल्या वर्षीचा तो तास मला अजून आठवतो.

सकाळी 11:30

पंगत बसली. खिचडी वाढली आणि प्रत्येकाच्या ताटलीत एक अंडं ठेवलं. मोठी मुलं ते हातात धरून आधी बघतात. एकानं शेजाऱ्याच्या अंड्याला आपलं अंडं लावून मोजलं. कुणाचं मोठं, याचा निकाल लागल्यावरच पहिला घास.

मुलांना फरक कळतो. फाटलेलं अंडं ज्याच्या ताटलीत जातं, त्याला आपल्याला कमी मिळालं असं वाटतं, आणि त्याचं म्हणणं खरं असतं. एका मध्यम अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यातली निम्म्याहून थोडी जास्त पांढऱ्यात. पांढऱ्याचा तिसरा हिस्सा टरफलाबरोबर गेला, तर ग्रॅमभराहून जास्त प्रथिन गेलं. खाऊन-पिऊन सुखी असलेल्या घरात याचा हिशेब कुणी करणार नाही. माझ्या पटावर अशी मुलं आहेत, ज्यांचं वजन मी दर महिन्याला श्वास रोखून बघते. त्यांच्यासाठी हा हिशेब मी करते.

तीन वर्षांखालच्या मुलांना अख्खं अंडं हातात द्यायचं नाही. त्यांच्यासाठी लांबट फोडी करतो. कोरडा बलक घशात अडकतो, म्हणून तो खिचडीत कालवून देतो. मावशी एका मुलाशेजारी बसून राहतात, कारण तो बलक गालात साठवून ठेवतो.

सहा आयांची पंगत नंतर बसली. एक बाई आपलं अंडं पदरात बांधून घरच्या मोठ्या पोरासाठी नेत होती. मी तिला परत बसवलं आणि माझ्यासमोर खायला लावलं. पोटातल्या बाळाच्या वाट्याचं आहे, मोठ्याला शाळेत जेवण मिळतं, एवढंच तिला सांगितलं.

दुपारी 1:00

मुलं गेली. ताटल्या घासून झाल्या. मी वही आणि मोबाइल घेऊन बसले. पोषण ट्रॅकरवर हजेरी आणि आहार भरायचा. रेंज मिळेना म्हणून बाहेर चिंचेच्या पारापर्यंत जावं लागलं.

मावशींनी सुपातली टरफलं धुऊन उन्हात पसरली. वाळली की पाट्यावर भरडायची. थोडी परसबागेतल्या मातीत, बाकीची घरोघरच्या कोंबड्यांना. टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं, अंडी घालणाऱ्या कोंबडीला ते लागतंच. मात्र भरडूनच द्यायचं. अख्खी टरफलं टाकली तर कोंबडीला अंडी फोडून खायची खोड लागू शकते.

दुपारी 2:30

गृहभेट. ओढ्यापलीकडच्या घरात आठ महिन्यांची मुलगी आहे. आई कामावर जाते, आजी सांभाळते. अंडं घरी पाठवलं तर ते मुलीपर्यंत पोचत नव्हतं. आजीचं म्हणणं, सोलायला गेलं की चेंदामेंदा होतो, मग कुणीतरी मोठं माणूस खाऊन टाकतं.

आज मी त्यांच्या चुलीवरच करून दाखवलं. आजीनं त्याच सकाळचं अंडं पुढे केलं. मी ते बाजूला ठेवायला सांगितलं आणि फडताळातलं चार-पाच दिवसांचं घेतलं. पाणी उकळलं, मग अंडं, मग बारा मिनिटं. आजींकडे घड्याळ नव्हतं, शेजारच्या मुलानं मोबाइलवर वेळ लावली. माठाचं पाणी दोनदा. आजींनी स्वतः पाटावर लाटलं आणि पाण्यात धरून सोललं. टरफल उतरल्यावर त्या दोन क्षण अंड्याकडे बघतच राहिल्या. पाव भाग अंडं वाटीत कुस्करून, भाताच्या पेजेत मऊ करून मुलीला भरवलं. अंडं पहिल्यांदा देताना थोडंच द्यायचं आणि अंगावर पुरळ, उलटी, सूज असं काही दिसलं तर थांबून लगेच दवाखान्यात जायचं, हेही सांगितलं. मुलीनं वाटी चाटूनपुसून संपवली.

संध्याकाळी 5:00

नाशिककडून येणारा अंड्यांचा टेम्पो फाट्यावर थांबला. ठोक बाजारात अंड्यांची पेटी 210 नगांची असते, म्हणजे सात ट्रे, आणि भाव शेकड्यावर चालतो. मला पेटी लागत नाही, एका खेपेला दोन ट्रे पुरतात. माल फार्मवरून कधी निघाला ते मी विचारते. परवा निघाला म्हणाले. म्हणजे ही अंडी पुढच्या आठवड्याची. एकेक अंडं उचलून चीर बघितली, तडकलेली दोन बदलून घेतली.

अंगणवाडीत येऊन दोन्ही ट्रेवर आजची तारीख लिहिली आणि ते मागे सरकवले. जुने ट्रे पुढे. माझ्या कामातली ही सगळ्यात छोटी गोष्ट आहे आणि सकाळची सगळी घडी हिच्यावर बसते. सोलणं सोपं व्हायला सहा दिवस आधी पेन्सिलीनं तारीख लिहावी लागते.

रात्री 8:30

जेवणं झाली. सासूबाई चुलीपाशी शेकत बसल्या आहेत. मी उद्याचा आकडा डोक्यात जुळवते आहे.

एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, म्हणजे अंगणवाडीचं काम पन्नास वर्षांचं झालं. इतक्या वर्षांत योजना बदलल्या, रजिस्टरं गेली आणि मोबाइल आले. मुलाच्या तोंडात घास जातो तो मात्र अजूनही कुणाच्या तरी हातानंच. तो हात नीट शिकलेला असावा, एवढंच मला वाटतं. तुमच्या घरी अंडी उकडत असतील, तर आठवडाभर आधी आणलेली घ्या, उकळत्या पाण्यात सोडा, दोन पाण्यांत गार करा आणि पापुद्रा धरून सोला. आणि कुणाच्या घरी लहान लेकराला अंडं भरवायला कुणी कचरत असेल, तर जवळ बसून एकदा करून दाखवा. सांगून समजत नाही, हाताला समजतं.

आज एकतीस अंडी सोलली. एकोणतीस अख्खी निघाली, दोन अंड्यांना खळगा पडला. ताटल्या सगळ्या रिकाम्या परत आल्या.